गाण्यातून मालक कुठे गेला?

अमेरिकेच्या पश्चिम भागातील काउबॉयांची गाणी हा समाजवादी कार्यकर्त्यांनी विचार करावा असा विषय आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. या गाण्यांविषयी आपल्या मंडळींत दोन मते आढळतात. पहिले मत असे की, हा भांडवलशाही करमणुकीच्या कारखान्यातला माल आहे. घोडा, पिस्तूल आणि सिगारेटच्या जाहिरातीतला रांगडा चेहरा यांपलीकडे त्यात काही नाही, तेव्हा त्याकडे पाठ फिरवावी हे उत्तम. दुसरे मत असे की, सूर गोड आहेत, ते ऐकावेत आणि सोडून द्यावेत. गाण्यात राजकारण कशाला शोधायचे? ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. गाणे लक्षपूर्वक ऐकण्याचे आणि त्याला प्रश्न विचारण्याचे कष्ट दोन्ही पक्ष टाळतात.

हे कष्ट घ्यावयाचे तर एखादी ठरावीक तबकडी समोर ठेवणे बरे. ‘सन्स ऑफ द पायोनिअर्स’ या गायकसमूहाची ‘कूल वॉटर’ या नावाची लाँगप्ले ध्वनिमुद्रिका आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने १९५९ साली काढली. तिचे शीर्षकगीत आणि ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ ही या समूहाची दोन सर्वांत गाजलेली गीते होत. पहिल्यात वाळवंटातून आपल्या जनावरासह चाललेला एक तहानलेला माणूस आहे. त्याला दूरवर पाणी दिसते आणि ते मृगजळ ठरते. दुसऱ्यात वाऱ्याबरोबर रानोमाळ घरंगळणारी वाळकी झुडुपे आहेत आणि त्यांच्यासारखेच आपणही मोकळे आहोत असे मानणारा एक भटका आहे. दोन्ही गीते खरोखर सुंदर आहेत. ती ऐकताना कोरड्या घशाची जाणीव होते, मोकळ्या माळावरचा वारा अंगाला लागतो. परंतु या माणसाला कामावर कोणी ठेवले आहे, त्याला महिन्याला काय मिळते आणि ज्या जमिनीवरून तो चालला आहे ती कोणाची आहे, याचा पत्ता लागत नाही. गाण्यात मजूर आहे, मालक नाही. हा मालक गेला कुठे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

गाणारे कोण होते?

या समूहाच्या नावाचा अर्थ ‘आद्य वसाहतकारांचे पुत्र’ असा होतो. हे नाव त्यांना लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ निवेदकाने दिले. आधी ते स्वतःला ‘पायोनिअर ट्रायो’ म्हणवत. पण ही पोरे आद्य वसाहतकार शोभण्याइतकी वयस्क नाहीत, असे म्हणून त्या निवेदकाने त्यांना पुत्र करून टाकले. वस्तुतः त्या तिघांपैकी कोणीही गुरांच्या कळपांचा धनी नव्हता की गुराख्याचा मुलगाही नव्हता. लिओनार्ड स्लाय हा १९११ साली सिनसिनाटी शहरात जन्मला. त्याचे वडील बुटांच्या कारखान्यात कामाला होते आणि शाळा अर्धवट सोडून तोही त्याच कामाला लागला. १९३० साली मंदीच्या तडाख्यात हे कुटुंब कॅलिफोर्नियात आले. तेथे त्याने खडीचा ट्रक चालवला आणि तेही काम सुटल्यावर पीच फळांच्या तोडणीला जाऊन स्थलांतरित मजुरांच्या छावणीत दिवस काढले. बॉब नोलन हा १९०८ साली कॅनडातील विनिपेगमध्ये जन्मला, पोरवयात ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात आला, पुढे समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून राबला आणि श्रीमंतांच्या गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहत हिंडला. वर उल्लेखिलेली दोन्ही गीते याच नोलनची. टिम स्पेन्सर हा किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीच्या गोदामात कामगार होता. पुढे टेक्सासचे ह्यू आणि कार्ल फार हे बंधू त्यांना येऊन मिळाले; एकाचे व्हायोलिन व खर्जाचा गळा आणि दुसऱ्याची गिटार यांनी समूहाला पूर्णत्व आले. १९३४ साली ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाले.

म्हणजे १९३३-३४च्या सुमारास मोकळ्या माळरानाची गाणी गाणारे हे तरुण शहरी कामगार होते आणि त्यांतले बहुतेक पोटासाठी मुलूख सोडून आलेले होते. त्याच काळात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली लाखो माणसे ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या राज्यांतून कॅलिफोर्नियाकडे लोटत होती. १९३६च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखाने आपले सव्वाशेहून अधिक शिपाई शेकडो मैलांवरच्या राज्याच्या सीमेवर धाडले आणि खिशात पैसा नसलेल्या आगंतुकांना तेथूनच परत फिरवले. त्याच शहरातल्या रेडिओवर त्याच सुमारास भटक्याचे स्वातंत्र्य गायले जात होते, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या वाळक्या झुडपाची हकीकतही बोलकी आहे. पश्चिमेचे प्रतीक मानले गेलेले हे झुडूप तेथले नव्हेच. १८७०च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून ते डाकोटात शिरले आणि नांगरलेल्या जमिनींतून व रेल्वेच्या कडेकडेने सर्वत्र पसरले. १९३०च्या दुष्काळात शेतकऱ्यांनी तेच गुरांना वैरण म्हणून घातले. मुळापासून तुटल्यावरच ते घरंगळू लागते. गाणे या तुटण्याला मुक्ती म्हणते. ज्याची शेती बँकेने जप्त केली त्याने त्याला दुसरे नाव दिले असते.

तीन गळे, एक ‘मी’

या समूहाचे खरे कर्तृत्व स्वरमेळात आहे. आपल्या कानाला एका गळ्याची सवय असते. तंबोऱ्याच्या साथीने एकच आवाज राग उलगडतो आणि इतर सूर त्याची सोबत करतात. येथे तीन गळे तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत एकच ओळ उचलतात. एक गळा मुख्य चाल धरतो, दुसरा तिच्या वरून आणि तिसरा खालून चालतो. श्वास एकाच जागी घेतला जातो, शब्द एकाच क्षणी सुटतात आणि एकही आवाज दुसऱ्याच्या पुढे जात नाही. हे साधण्यासाठी या मंडळींनी दिवसचे दिवस तालीम केली होती. स्वतःचा गळा थोडा आवरून शेजारच्याचा गळा ऐकणे ही स्वरमेळाची पहिली अट असते आणि ही शिस्त कोणत्याही सामुदायिक कामाची शिस्त आहे.

आता या सामुदायिक शिस्तीने ते काय गातात ते पाहावे. ते गातात एकट्या माणसाविषयी. तीन गळे मिळून ‘मी’ म्हणतात. रूप सामुदायिक आणि आशय एकाकी, असा हा प्रकार आहे.

इतिहासात याच्या नेमके उलट होते. खरा काउबॉय गात असे तो बहुधा एकटा. रात्री कळप बसला की दोघे स्वार पहाऱ्यावर जात, परस्परांच्या उलट दिशेने कळपाभोवती फेऱ्या घालत आणि गुरे बुजू नयेत म्हणून काहीतरी गुणगुणत राहत. पण त्याचे काम मात्र पूर्णतः सामुदायिक होते. दोन-तीन हजार गुरांचा कळप टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकापर्यंत न्यायला दहा-बारा स्वार, एक स्वयंपाकी आणि घोडे सांभाळणारा एक पोऱ्या लागे. दिवसाला दहा-पंधरा मैल या हिशेबाने दोन ते चार महिने ही माणसे एकत्र राबत, एकाच गाडीवरचे अन्न खात. गाणे एकट्याचे व काम सर्वांचे अशी वस्तुस्थिती होती. करमणुकीच्या धंद्याने गाणे सर्वांचे केले आणि काम एकट्याचे.

तीस डॉलर आणि एक संप

आपल्या भाषेत गुराखी म्हटले की हातात काठी घेतलेले पोर डोळ्यांपुढे येते. काउबॉय हा त्याहून वेगळा, घोड्यावर बसून काम करणारा पगारी मजूर होता. महिन्याला साधारण २५ ते ४० डॉलर ही त्याची मजुरी. त्याच्या धंद्यातले ‘लॅसो’, ‘रोडिओ’, ‘रँच’, ‘कोराल’ हे शब्द मेक्सिकन गुराख्यांच्या स्पॅनिश भाषेतून आले, कारण धंदाच त्यांनी शिकवला. टेक्सासहून कळप नेणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश असावे असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नॅट लव्ह हा त्यांपैकी एक. तो गुलामगिरीत जन्मला, तरुणपणी काउबॉय झाला आणि १८९० साली रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यात प्रवाशांच्या तैनातीला लागला. १९०७ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. पुढे पडद्यावर आणि तबकडीच्या वेष्टनावर जो काउबॉय झळकला तो मात्र जवळजवळ नेहमीच गोरा होता.

या मजुरांचा मालक कोण होता? टेक्सासच्या उत्तर टोकाला असलेल्या पॅनहँडल भागातून कोमांची आणि कायोवा या मूळ रहिवाशांना अमेरिकन लष्कराने १८७४-७५ साली हुसकून लावले आणि लगेच १८७६ साली तेथे मोठ्या कुरण-मालकांचे आगमन सुरू झाले. त्यांच्यामागोमाग कंपन्या आल्या. एडिंबरोची प्रेअरी कॅटल कंपनी आणि डंडीची मॅटाडोर लँड अँड कॅटल कंपनी यांची नावे प्रसिद्ध आहेत. डंडी हे स्कॉटलंडमधले तागगिरण्यांचे शहर. बंगालच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या तागावर तेथील गिरणीमालकांनी जी संपत्ती जमवली, तिच्यातला वाटा अमेरिकेतली कुरणे आणि गुरे विकत घेण्याकडे वळला. पूर्व बंगालच्या पाणथळ शेतात उभा असलेला ताग-उत्पादक आणि टेक्सासच्या कोरड्या माळावरचा काउबॉय यांची गाठ कधी पडली नाही. दोघांच्याही कष्टांचा हिशेब मात्र डंडीच्या एकाच बाजारपेठेत लिहिला जात होता.

‘एक्स.आय.टी.’ या कुरणाची गोष्ट तर याहून उघड आहे. टेक्सास राज्याला नवी विधानभवनाची इमारत हवी होती. १८८२ साली शिकागोच्या एका भांडवलदार-मंडळाशी करार झाला आणि इमारतीच्या मोबदल्यात त्यांना सुमारे ३० लाख एकर जमीन मिळाली. या कुरणाचे १८८८चे नियम प्रसिद्ध आहेत. नोकरांनी पिस्तूल बाळगू नये, पत्ते खेळू नयेत, दारू पिऊ नये आणि कुरणावर स्वतःची गुरे ठेवू नयेत, असे त्यांत बजावले होते. चित्रपटातला काउबॉय पिस्तुलावाचून अपुरा वाटतो. खऱ्या काउबॉयाला त्याच्या मालकाने लेखी हुकमाने निःशस्त्र केले होते. स्वतःची चार गुरे बाळगण्यावरची बंदी त्याला सर्वांत झोंबणारी होती. चार गुरे राखून उद्या आपणही छोटे कुरण थाटू, ही त्याची एकमेव आशा होती आणि तीच कंपन्यांनी ठिकठिकाणी तोडली.

याचा स्फोट १८८३ साली झाला. पॅनहँडलमधील एल.आय.टी., टी-अँकर, एल.एस. इत्यादी मोठ्या कुरणांवरील काउबॉयांनी संप पुकारला. २४ जणांनी सही केलेल्या निवेदनात काउबॉयाला व स्वयंपाक्याला किमान ५० डॉलर आणि तुकडीच्या नायकाला ७५ डॉलर महिना मिळावा अशी मागणी होती. टॉम हॅरिस नावाचा एल.एस. कुरणावरचा नायक त्यांच्या अग्रभागी होता. प्रत्यक्ष किती जण संपात उतरले याविषयीचे अंदाज ३० पासून ३२५ पर्यंत आहेत. वसंतातल्या गुरे गोळा करण्याच्या हंगामाच्या तोंडावर त्यांनी काम थांबवले, म्हणजे मालकाची नड नेमकी हेरली होती. परंतु माळ अफाट, माणसे विखुरलेली, जवळचा निधी तुटपुंजा आणि कामाच्या शोधात हिंडणारे बेकार भरपूर. मालकांनी नवी माणसे घेतली आणि अडीच महिन्यांच्या आत संप मोडला. त्यानंतर पुढारपण केलेल्यांवर गुरेचोरीचा संशय घेतला जाऊ लागला आणि १८८४ साली मालकांनी पॅट गॅरेट या नामांकित बंदूकबाजाच्या हाताखाली स्वतःची सशस्त्र पलटण उभी केली. संपकऱ्याला चोर ठरवण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

आणि गाण्यांत हा सारा इतिहास मुळीच नव्हता असेही नाही. जॅक थॉर्पने १९०८ साली आणि जॉन लोमॅक्सने १९१० साली काउबॉयांच्या तोंडची गाणी गोळा करून छापली. लोमॅक्सच्या संग्रहात ‘द बफेलो स्किनर्स’ हे गीत आहे. त्यात रेड्यांची कातडी सोलण्यासाठी नेलेल्या मजुरांना ठेकेदार हंगामाच्या अखेरीस सांगतो की, तुमच्याकडेच माझे पैसे निघतात. आणि मजूर त्याची हाडे माळावर वाळत टाकून घरी परततात. ‘द ओल्ड चिझम ट्रेल’ या लांबलचक गीतातही मुकादमाच्या आणि कापलेल्या मजुरीच्या तक्रारी आहेत. म्हणजे मालक मूळ गाण्यांत होता. रेडिओ, चित्रपट आणि तबकडी यांच्या मार्गाने गाणे बाजारात आले तेव्हा वाटेत तो गळाला.

तहान आणि पाणवठा

‘कूल वॉटर’मधील तहान निसर्गाने दिलेली आहे. सूर्य आहे, वाळू आहे, मृगजळ आहे. दोष देण्याजोगे कोणी नाही. परंतु अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत पाण्याला फार लवकर मालक मिळाला होता. ज्याच्या ताब्यात ओढा त्याच्याच ताब्यात आजूबाजूचा कोरडा मुलूख, हा तेथील कुरण-व्यवहाराचा पाया होता. १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच मैलोगणती कुंपणे पडली. ती केवळ स्वतःच्या जमिनीभोवती नव्हती. सार्वजनिक जमिनी, रस्ते आणि पाणवठेही त्यांच्या आत गेले. १८८३ साली दुष्काळ पडला आणि टेक्सासमध्ये लहान पशुपालकांनी रात्री टोळ्या करून ही तार तोडायला सुरुवात केली. १८८४ साली विधिमंडळाने तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवला. काउबॉयांचा संप आणि पाण्यासाठी झालेली ही तारतोड एकाच वर्षातल्या घटना आहेत. गाण्यातल्या माणसाला पाणी मिळत नाही ते मृगजळामुळे. त्या वर्षी खऱ्या माणसाला ते मिळाले नाही ते तारेमुळे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना हा फरक अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

गाणारी मंडळी ज्या शहरात राहत होती त्या लॉस एंजेलिसची कथाही हीच. सुमारे दोनशे मैलांवरच्या ओवेन्स खोऱ्यातील नदीचे पाणी १९१३ साली कालव्याने या शहरात आणले गेले. खोऱ्यातील शेती वाळू लागली, तेव्हा संतप्त शेतकऱ्यांनी १९२४ साली आणि पुन्हा १९२७ साली सुरुंगाने कालवा उडवला. ‘थंड पाण्या’चे गीत रेडिओवरून ऐकणाऱ्या शहरवासीयाच्या घरातल्या नळाला हे असे पाणी येत होते.

पडद्यावर मालक दिसला तेव्हा

येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे, कारण तो आपल्या मुद्द्याला विरोध करता करता त्याला बळकटी देतो. १९३७-३८ साली रिपब्लिक या चित्रसंस्थेचा आघाडीचा गायक-नट जीन ऑट्री कराराच्या अटींवरून संस्थेशी भांडून बाहेर राहिला. त्याच्या जागी संस्थेने लिओनार्ड स्लायला उभे केले आणि त्याचे नाव रॉय रॉजर्स ठेवले. एका कलावंताने काम बंद ठेवल्यामुळे दुसऱ्याचे भाग्य उघडले, हेही त्या धंद्याच्या रीतीला धरूनच झाले. रॉजर्सचा नायक म्हणून पहिला चित्रपट ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ १९३८ साली आला. त्याची कथा अशी की, दुष्काळाने होरपळलेल्या पशुपालकांना एक खाजगी पाणी कंपनी नाडत असते, आणि गाणारा काउबॉय निवडणूक लढवून वॉशिंग्टनला जातो व सरकारी मदतीने लोकांना पाणी मिळवून देतो. त्यातील धुळीविषयीच्या गीताला ऑस्करसाठी नामांकन मिळाले. चित्रीकरण झाले ते लोन पाइनजवळ, म्हणजे त्याच ओवेन्स खोऱ्यात.

एका स्वस्त व्यावसायिक चित्रपटात पाण्याचा मालक एकाएकी कसा अवतरला? रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चे ते दिवस होते. संप, शेतकऱ्यांची आंदोलने आणि सार्वजनिक धरणांचे वाद यांनी देश ढवळून निघाला होता. मालकाचा प्रश्न रस्त्यावर इतका मोठ्याने विचारला जात होता की पडद्यालाही तो टाळता आला नाही. दुसरे महायुद्ध संपले, शीतयुद्ध सुरू झाले, हॉलिवूडमध्ये डाव्यांची चौकशी झाली, आणि हा प्रश्न पुन्हा गाण्याबाहेर गेला. १९५० साली जॉन फोर्डच्या ‘रिओ ग्रांदे’ या चित्रपटात ‘सन्स ऑफ द पायोनिअर्स’ लष्करी छावणीत गातात आणि समोरचा शत्रू अपाची असतो. ज्या लष्कराने माळ मोकळा करून कंपन्यांच्या हाती दिला, त्याच लष्कराच्या पंगतीला काउबॉयाचे गाणे येऊन बसले. बाजार प्रश्न पुसतो हे खरे, पण चळवळ तो पुन्हा लिहू शकते, हा या अपवादाचा अर्थ आहे.

दुसरी वाट

त्याच शहरात त्याच काळी दुसरी वाटही निघाली होती. धुळीच्या वादळांच्या प्रदेशातून १९३७ साली आलेला वुडी गथ्री लॉस एंजेलिसच्या रेडिओवर आरंभी आपल्या चुलतभावाबरोबर काउबॉय गाणीच गात असे. निर्वासितांच्या छावण्यांतून हिंडताना त्याच्या गाण्यात बँक, जमीनदार, पोलीस शिपाई हे सारे नावानिशी येऊ लागले. १९३९ साली तो कम्युनिस्टांच्या ‘पीपल्स वर्ल्ड’ या पत्रात सदर लिहू लागला आणि १९४० साली त्याच व्हिक्टर कंपनीने त्याची ‘डस्ट बोल बॅलड्स’ ही गीते प्रसिद्ध केली. १९४१ साली कोलंबिया नदीवरील सरकारी वीज-योजनेने त्याला महिनाभराच्या कामावर घेतले. त्या महिन्यात त्याने सार्वजनिक धरणांविषयी २६ गीते रचली आणि त्यांबद्दल त्याला २६६ डॉलर ६६ सेंट मिळाले. पाणी आणि वीज लोकांच्या मालकीची असावी हा त्या गीतांचा उद्घोष होता. मात्र त्याच धरणांनी मूळ रहिवाशांच्या मासेमारीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागा बुडवल्या, याची दखल त्या गीतांत नाही. मालकी सार्वजनिक झाली तरी ‘सार्वजनिक’ या शब्दात कोणाला धरले आणि कोणाला बुडवले, हे विचारावेच लागते. धरणग्रस्तांच्या लढ्यांतून गेलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की गथ्रीचे गाणे घ्यावे आणि नोलनचे टाकून द्यावे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. नोलनच्या गाण्यातली तहान खोटी नाही. घरापासून तुटलेल्या, पुढच्या मुक्कामी काम मिळेल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या मनात मजुरीच्या आकड्याखेरीज आणखी पुष्कळ काही असते. रात्रीची भीती असते, आठवण असते, मोकळ्या आभाळाचे समाधान असते. हे सारे जे गाणे नाकारते ते निवेदन होते, गाणे होत नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीचे सामर्थ्य यातच आहे की, मुंबईत पोट भरायला आलेल्या मजुराचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी ही दोन्ही तिच्यात एकाच श्वासात येतात. विरह हा मागणीचा अलंकार होत नाही आणि मागणी विरहाला गिळत नाही. ‘सन्स ऑफ द पायोनिअर्स’कडे पहिला अर्धा भाग अव्वल दर्जाचा आहे. दुसरा अर्धा भाग बाजाराने काढून घेतला.

ऐकणाऱ्याचे काम

काढून घेतलेला हा भाग परत बसवण्याचे काम गाणाऱ्याने केले नाही तर ऐकणाऱ्याने केले पाहिजे. हे काम जुन्या गोष्टी उगाळण्याचे नाही. मालक गळालेल्या काउबॉयाचा उपयोग अमेरिकेत पुढे कोणी केला ते पाहावे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून एका सिगारेट कंपनीने त्याला आपला चेहरा केले. रोनाल्ड रीगनने आपल्या कुरणावरची घोडदौड छायाचित्रकारांसाठी नित्य खुली ठेवली आणि १९८१ साली सत्तेवर येताच संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले. संपकऱ्यांना घरी पाठवणाराच काउबॉयाच्या वेषात मिरवू शकला, याचे कारण स्वतः काउबॉयच एकदा संपावर गेला होता ही गोष्ट लोकांच्या स्मरणातून, आणि गाण्यातूनही, पुसली गेली होती. कोणाचा संघ नाही, कोणापुढे हात पसरत नाही, सरकारकडे काही मागत नाही, असा एक स्वयंभू पुरुष तयार झाला आणि कामगार संघटनांच्या विरुद्ध तो फार उपयोगी पडला.

खरा गुराखी मात्र आजही आहे. अमेरिकेच्या पश्चिमेतील डोंगराळ कुरणांवर मेंढ्या राखायला पेरू देशातून माणसे तात्पुरत्या परवान्यावर आणली जातात. त्यांचा परवाना मालकाशी बांधलेला असतो, मजुरी महिन्याच्या हिशेबाने मिळते आणि कामाचे तास मोजले जात नाहीत. २०२० साली साथ पसरली असता कत्तलखान्यांतले कामगार मोठ्या संख्येने आजारी पडत होते, तरी त्या कारखान्यांना चालू राहता यावे म्हणून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल महिन्यात खास आदेश काढला. टेक्सासहून शिकागोकडे जाणाऱ्या त्या जुन्या कळपाच्या वाटेवर आजही मजूर उभा आहे. त्याचे गाणे कोणी तबकडीवर घेतलेले नाही.

म्हणून आपल्या अभ्यासमंडळांना एक सूचना करावीशी वाटते. एखाद्या संध्याकाळी ‘कूल वॉटर’ अवश्य लावावे. तीन गळे एकमेकांना कसे सांभाळून घेतात तेही लक्ष देऊन ऐकावे, कारण सभेत एका सुरात घोषणा देणाऱ्या आपल्या मंडळींनी शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. मग गाणे संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस कोणाच्या कामाला निघाला आहे? त्याला काय मिळणार आहे? आणि ज्या पाण्यापर्यंत तो पोहोचू शकत नाही, ते कोणाच्या कुंपणात आहे? हेच प्रश्न उद्या आपल्या भाषेतल्या एखाद्या लोकप्रिय चित्रपटगीतालाही विचारता येतील. ही सवय ज्या कार्यकर्त्याला लागली, त्याच्या कानावरून मालक सहजासहजी निसटणार नाही, गाणे कितीही गोड असो.